मागितले बेचाळीस लाख बाइट, मिळाले सव्वाचार लाख

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या सर्व्हरवरून अमेरिकेत व्हर्जिनियाला रोज रात्री ४० जीबीचा बॅकअप जातो. लाइन १ गिगाबिटची, पिंग (जाऊन-येऊन एका फेरीचा वेळ) २०० मिलिसेकंद, दोन्हीकडे लिनक्स. वेग मात्र साडेआठ मेगाबिटच्या वर सरकत नाही. रात्री दहाला सुरू केलेलं काम सकाळी साडेआठला संपतं. घेणाऱ्या प्रोग्राममध्ये एसओ_आरसीव्हीबफ हा पर्याय वापरून ४ एमबीचा बफर (आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) मागितला आहे, तरी ढिम्म. आता कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काय बदलायचं?

आधी उपाय, मग कारण. ती ४ एमबी मागणारी ओळ काढून टाका. आज रात्री तेवढंच करा, कर्नलला हात लावू नका, आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा. लाइन स्वच्छ असेल तर वेग सव्वाशे मेगाबिटच्या आसपास जाईल आणि काम पाऊण तासात उरकेल. त्यापुढचा वेग कर्नलची मर्यादा वाढवून मिळवायचा, पण ते उद्या.

बफर मागणारी ओळ काढल्यावर बफर मोठा होतो, हे ऐकायला उलटं वाटतं. पण साडेआठ हा तुमचा आकडाच सगळं सांगतोय. टीसीपीत (हा डेटा ज्या नियमांनी जातो त्यांत) घेणारा पाठवणाऱ्याला सतत कळवत असतो की माझ्याकडे अजून एवढी जागा आहे. ती विंडो. पोच परत येईपर्यंत पाठवणारा विंडोपेक्षा जास्त बाइट वाटेवर ठेवू शकत नाही. म्हणजे एका फेरीत, तुमच्या बाबतीत २०० मिलिसेकंदांत, जास्तीत जास्त एक विंडो. साडेआठ मेगाबिटने २०० मिलिसेकंदांत जेमतेम २,१३,००० बाइट जातात. हा आकडा लिनक्सवाल्याने पाहिला की त्याच्या डोक्यात घंटा वाजायला हवी, कारण २,१२,९९२ ही बहुतेक मशीनवर आरमेम_मॅक्स या कर्नल सेटिंगची वर्षानुवर्षांची डीफॉल्ट किंमत आहे.

झालं असं: तुम्ही ४ एमबी, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट मागितले. कर्नलने आरमेम_मॅक्स पाहिलं आणि मागणी गुपचूप २,१२,९९२ वर छाटली. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, बफर मागणाऱ्या सेटसॉकऑप्ट या कॉलने शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, परत दिलं. मग कर्नल स्वतःच्या हिशेबासाठी आकडा दुप्पट करतो, म्हणून गेटसॉकऑप्टने विचारलंत तर ४,२५,९८४ दिसेल. (हा आकडा पाहून अनेकजण गोंधळतात. मागितला त्याच्या दुप्पट दिसला तर ठीक, त्यापेक्षा कमी दिसला तर मागणी छाटली गेली असं समजा.) या ४,२५,९८४ पैकी निम्मी जागा खऱ्या डेटासाठी धरून उरलेली व्यवस्थापनाच्या खर्चासाठी राखली जाते. आलो परत २,१२,९९२ वर.

नुसतं छाटणं एवढंच असतं तर निभावलं असतं. खरी गोम पुढे आहे. एसओ_आरसीव्हीबफ लावलं की कर्नल त्या सॉकेटवर (कनेक्शनच्या प्रोग्रामकडच्या टोकावर) खूण करतो: याचा बफर मालकाने स्वतः ठरवला आहे, आपण हात लावायचा नाही. त्या क्षणापासून त्या सॉकेटचं ऑटोट्यूनिंग बंद. ओळ नसती तर कर्नलने तो बफर वाढवत वाढवत टीसीपी_आरमेम या सेटिंगच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत नेला असता. तो आकडा बहुतेक चालू मशीनवर ६२,९१,४५६ म्हणजे ६ एमबी असतो. त्याचं निम्मं ३ एमबी, भागिले २०० मिलिसेकंद: १२६ मेगाबिट. वर सव्वाशे म्हणालो ते यावरून.

मर्यादांच्या या दोन वेगळ्या चुली आहेत आणि निम्मे गोंधळ त्या एकच समजल्याने होतात. आरमेम_मॅक्स आणि डब्ल्यूमेम_मॅक्स ही प्रोग्रामने हाताने मागितलेल्या बफरची कमाल. टीसीपी_आरमेम आणि टीसीपी_डब्ल्यूमेम यांचा तिसरा आकडा ही कर्नल स्वतः वाढवतो त्या बफरची कमाल. आरमेम_मॅक्स १०० एमबी करून ठेवलं आणि ऑटोट्यूनिंगवर चालणारा प्रोग्राम तसाच राहिला, किंवा टीसीपी_आरमेम वाढवलं आणि हाताने मागणारा प्रोग्राम तसाच राहिला, या दोन्ही तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता कोणी सिस्टिम संथ आहे म्हणालं की आधी विचारतो, कोडमध्ये सेटसॉकऑप्ट आहे का? कोड तुमचा नसेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये पाहा. काफ्का या संदेश पोचवणाऱ्या प्रणालीच्या कन्झ्युमरला (वाचणाऱ्या बाजूला) रिसीव्ह बफर डीफॉल्टनेच ६४ केबी मागायची सवय आहे. एका डेटा सेंटरच्या आत ते चालून जातं. समुद्रापार त्याचा गळा आवळला जातो. तिथे उणे एक लिहिलं की तो कर्नलवर सोपवतो.

ऑटोट्यूनिंग नेमकं काय करतं? घेणाऱ्या बाजूला कर्नल मोजतो की एका फेरीच्या वेळात प्रोग्रामने सॉकेटमधून किती बाइट उचलले. गेल्या वेळेपेक्षा जास्त उचलले असतील तर साधारण त्याच्या दुप्पट बाइट मावतील एवढी विंडो करता यावी, असा बफर वाढवतो. दुप्पट अशासाठी की पाठवणारा स्लो स्टार्टमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात, दर फेरीला वेग दुप्पट करत असतो, त्याच्यापुढे एक पाऊल राहायला हवं. मला आवडणारी गोष्ट ही की मोजमाप प्रोग्रामच्या उचलण्याचं आहे, लाइनच्या क्षमतेचं नाही. तुमचा प्रोग्राम डिस्कवर लिहिताना अडखळत असेल तर बफर वाढणार नाही, आणि वाढूही नये.

साखर कारखान्याच्या आसपास वाढलेल्यांना हे लगेच कळतं. यार्डात किती गाड्या उभ्या राहतील ते पाहून कारखाना तोडीच्या चिठ्ठ्या देतो. शिवार जवळ असेल तर वीस चिठ्ठ्यांवरही गव्हाण (ऊस जिथे टाकतात ती जागा) रिकामी पडत नाही. शिवार साठ किलोमीटरवर असेल तर वीसच्या वीस गाड्या रस्त्यात आणि गव्हाण ओस. रस्ता कितीही रुंद केला तरी उपयोग नाही, चिठ्ठ्या वाढवाव्या लागतात, आणि त्यासाठी यार्ड. आणखी एक: यार्डात जागा उसाला लागत नाही, गाडीला लागते. अर्धी भरलेली गाडीही पूर्ण जागा खाते.

कर्नलमध्येही तसंच आहे. बफरच्या खात्यात फक्त डेटाचे बाइट लिहिले जात नाहीत. प्रत्येक पॅकेटबरोबर येणारी एसके_बफ ही रचना, तिची पुरवणी आणि पॅकेट ज्या मेमरीत बसलं आहे तो अख्खा तुकडा, हे सगळं मिळून ट्रूसाइझ म्हणून खात्यावर चढतं. २,१२,९९२ या आकड्याचा जन्मही यातच आहे. २५६ बाइटचं पॅकेट, वर ५७६ बाइटचा सरंजाम, मिळून ८३२. अशी २५६ पॅकेटं. गुणाकार करून पाहा. कोणाच्या लहरीने आलेला तो आकडा नाही. पण १ गिगाबिट आणि २०० मिलिसेकंद डोळ्यांसमोर ठेवूनही तो आलेला नाही.

डेटासाठी निम्मी जागा धरायची हा नियमही या सरंजामाचा अंदाज होता. टीसीपी_अ‍ॅडव्ह_विन_स्केल या सेटिंगने तो ठरायचा. २०१२ मध्ये तो पाऊण भागावरून निम्म्यावर आणला गेला आणि भरपाई म्हणून टीसीपी_आरमेमची कमाल ४ एमबीवरून ६ एमबी केली गेली. कर्नल ६.६ पासून हे सेटिंग निकामी आहे. आता प्रत्येक सॉकेट आलेल्या पॅकेटांवरून स्वतःचं गुणोत्तर काढतं, त्यामुळे मोठी, भरलेली पॅकेटं येत असतील तर निम्म्याहून जास्त जागा डेटाला मिळते. २०२५ मध्ये मूळ कर्नलने ६ एमबीची ती कमालही ३२ एमबी केली. म्हणून इथले आकडे डोळे मिटून घेऊ नका. आपल्या मशीनवर सिसकंट्रोल या कमांडने आधी पाहून घ्या.

आता उद्याचं काम. १ गिगाबिट गुणिले २०० मिलिसेकंद म्हणजे २५ एमबी. लाइन भरलेली ठेवायची तर एवढे बाइट कायम वाटेवर हवेत. निम्म्याचा नियम धरून बफर ५० एमबीच्या वर हवा, म्हणून ६४ एमबी. व्हर्जिनियाच्या मशीनवर:

नेट.आयपीव्ही४.टीसीपी_आरमेम = ४०९६ १३१०७२ ६७१०८८६४

आणि मुंबईच्या मशीनवर:

नेट.आयपीव्ही४.टीसीपी_डब्ल्यूमेम = ४०९६ १६३८४ ६७१०८८६४

दुसरी ओळ लोक विसरतात. पोच न आलेला प्रत्येक बाइट पाठवणाऱ्याला जपून ठेवावा लागतो, कारण हरवला तर पुन्हा पाठवायचा असतो. तिथली डीफॉल्ट कमाल ४ एमबी आहे. नुसता घेणारा मोठा केलात तर अडथळा समुद्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाईल, एवढंच. पहिले दोन आकडे आहेत तसेच ठेवा. मधला आकडा हा प्रत्येक कनेक्शनची सुरुवात असतो. काही ठिकाणी तिन्ही आकडे ६४ एमबी केलेले पाहिले आहेत. ते करू नका, कारण मग छोट्या चौकशीसाठी आलेल्या कनेक्शनलाही पहिल्या क्षणापासून ६४ एमबीचा परवाना मिळतो. हा आकडा म्हणजे आधीच काढून ठेवलेली मेमरी नव्हे, मर्यादा आहे, हे खरं. पण प्रोग्राम अडकला आणि हजार कनेक्शनं भरली तर परवाना वापरला जातोच. मग टीसीपी_मेमची एकूण मर्यादा लागते, आणि तो आकडा बाइटमध्ये नसून मेमरीच्या पानांमध्ये असतो, हेही ध्यानात असू द्या.

बदल केल्यावर जुनी कनेक्शनं तोडून नवी जोडा. टीसीपीच्या हेडरमध्ये विंडोसाठी १६ बिटच आहेत, म्हणजे ६५,५३५ बाइट. त्यापुढे जायला १९९२ पासून विंडो स्केलिंग आहे: त्या आकड्याला कितीने गुणायचं ते दोघं पहिल्या हस्तांदोलनातच ठरवतात आणि पुढे ते बदलता येत नाही. लिनक्स हा गुणक ठरवताना त्या क्षणीची कमाल पाहतो. ६ एमबीला गुणक येतो १२८, म्हणजे विंडो फार तर ८ एमबी. ६४ एमबीला येतो २,०४८. जुन्या कनेक्शनचा गुणक १२८ च राहणार, खाली बफर कितीही मोठा करा. कनेक्शन पूल वापरणाऱ्या, म्हणजे जुनीच कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या, प्रोग्रामांत यामुळे ‘बदल केला पण काही झालं नाही’ असं हमखास वाटतं.

कंटेनर वापरत असाल तर आणखी एक खड्डा. टीसीपी_आरमेम कर्नल ४.१५ पासून प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचं (कंटेनरला मिळणाऱ्या स्वतंत्र नेटवर्कचं) वेगळं असतं आणि नेमस्पेस जन्मताना मूळ मशीनच्या किमतींची नक्कल घेतं. त्यामुळे होस्टवर आज केलेला बदल कालपासून चालू असलेल्या कंटेनरच्या गावीही नसतो. कंटेनरच्या आत जाऊन आकडा वाचा.

हे सगळं करण्याआधी आणि नंतर मोजायचं कशाने? एसएस या कमांडने, टी, एम आणि आय हे तीन पर्याय लावून, काम चालू असताना. पाठवणाऱ्या बाजूला तीन गोष्टी पाहायच्या. आरडब्ल्यूएनडी_लिमिटेडपुढे मोठी टक्केवारी असेल तर घेणारा अडवतोय. सेंडबफ_लिमिटेडपुढे असेल तर पाठवणाऱ्याचाच बफर अपुरा. दोन्ही नसतील तर बफरचा विषय संपला, अडथळा नेटवर्कमध्ये किंवा प्रोग्राममध्ये आहे. घेणाऱ्या बाजूला एसकेमेमच्या कंसात आरबीपुढचा आकडा हा बफरची सध्याची मर्यादा. आज तुम्हाला तिथे ४२५९८४ दिसेल. चाचणी एससीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवणाऱ्या कमांडने) करू नका. एसएसएचला प्रत्येक चॅनेलसाठी स्वतःची साधारण २ एमबीची विंडो असते, त्यामुळे कर्नल कितीही सुधारलात तरी या अंतरावर ते ८० मेगाबिटच्या आसपास दमतं आणि तुम्ही कर्नलला शिव्या देत बसता. आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन वापरा, आणि त्यात डब्ल्यूचा पर्याय देऊ नका. तोही सेटसॉकऑप्टच करतो.

वेग २.६ मेगाबिटवर अडकलेला दिसला तर मात्र दोन्ही मशीन सोडून मधल्या फायरवॉलकडे वळा. ६५,५३५ बाइटची विंडो २०० मिलिसेकंदांत भागली की हाच आकडा येतो, म्हणजे कोणीतरी वाटेत विंडो स्केलिंगचा पर्याय काढून टाकतंय.

थोडी कबुली देतो. तुमच्या कोडमध्ये आहे तशी ओळ मीही लिहिली आहे. साल २००२ असावं. घेणाऱ्या बाजूचं ऑटोट्यूनिंग लिनक्समध्ये २००४ साली, २.६.७ मध्ये आलं, त्याआधी बफर हातानेच वाढवावा लागे. मी २५६ केबी मागितले, आरमेम_मॅक्सही वाढवलं, वेग चौपट झाला, साहेबांनी पाठ थोपटली. मी ती नोकरी सोडली. दहा वर्षांनी तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन: लाइन दहापट मोठी घेतली, वेग जैसे थे. तासभर बोलल्यावर माझीच ओळ सापडली. वर माझ्याच हातची टिप्पणी होती, ‘ही ओळ काढू नये, वेग कमी होतो.’ लिहिली तेव्हा ती खरी होती.

मग ६४ एमबी सगळ्याच मशीनवर का लावू नये? बॅकअपच्या मशीनवर लावा. वेब सर्व्हर किंवा ताज्या किमती पाठवणाऱ्या सर्व्हरवर विचार करा. पाठवणाऱ्याचा बफर मोठा म्हणजे प्रोग्रामने लिहिलेला पण अजून न निघालेला डेटा कर्नलमध्ये साचणार, आणि ग्राहकाला शिळी किंमत जाणार. तिथे टीसीपी_नॉटसेंट_लोवॅट लावून न निघालेल्या डेटाला वेगळी कमाल घालता येते. वाटेवरचा डेटा त्यात मोजला जात नाही, त्यामुळे वेग बुडत नाही. घेणाऱ्या बाजूलाही धोका आहे. बफर भरत आला की कर्नल अर्धवट भरलेली पॅकेटं एकत्र दाबून जागा करतो. रांग लांबलचक असेल तर हे दाबणं महाग पडतं. २०१८ मधला सेगमेंटस्मॅक हा दोष याच रस्त्याने आला होता: क्रम चुकवलेली बारीक पॅकेटं पाठवून समोरच्याचा प्रोसेसर दमवायचा.

यूडीपीचं, म्हणजे पोचेविना पाठवायच्या पद्धतीचं, घर वेगळं. तिथे ऑटोट्यूनिंगच नाही. त्यामुळे वर जे करू नका म्हणालो तेच तिथे करावं लागतं: आरमेम_मॅक्स वाढवायचं आणि सेटसॉकऑप्टने मागायचं. मुंबईत एका दलालीच्या फर्ममध्ये शेअर बाजाराचा मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारा) फीड घेताना सकाळी ९:१५ ला, बाजार उघडला रे उघडला की पॅकेटं गळायची. दिवसभर मग सगळं शांत. बफर डीफॉल्ट, म्हणजे २,१२,९९२. शंभरेक बाइटचं पॅकेट खात्यावर ७६८ बाइटचं चढत होतं, म्हणजे यार्डात २७७ गाड्या. सेकंदाला पन्नास हजार पॅकेटं आली तर ही जागा साडेपाच मिलिसेकंदांत भरते, आणि आमचा थ्रेड लॉग लिहायला त्याहून जास्त वेळ थांबत होता. एनस्टॅट या कमांडमध्ये यूडीपी आरसीव्हीबफ एरर्स हा आकडा ९:१५ ला उडी मारताना पकडला तेव्हा वाद मिटला. बफर १६ एमबी केला आणि लॉग लिहिणं दुसऱ्या थ्रेडवर टाकलं. यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं होतं.

तुमच्याकडे परत. दोन्ही ओळी लावल्यावर एसएसमधून आरडब्ल्यूएनडी_लिमिटेड आणि सेंडबफ_लिमिटेड दोन्ही गायब झाले, तरी वेग ३०० मेगाबिटवर थबकला, असं होऊ शकतं. तेव्हा पुन्हा बफर वाढवू नका, एसएसमध्येच रीट्रान्सचा, म्हणजे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचा, आकडा पाहा. २५ एमबी वाटेवर ठेवायचे म्हणजे सतरा हजारांवर पॅकेटं एकाच वेळी समुद्रात. पाठवणाऱ्याचा वेग ठरवायच्या जुन्या रेनो पद्धतीच्या गणिताने या अंतरावर १ गिगाबिट टिकवायचा तर साधारण २० कोटी पॅकेटांत एकच हरवलेलं चालतं. क्यूबिक ही नंतरची पद्धत यापेक्षा बरंच सहन करते, पण लाइनवर किरकोळ गळती असेल तर तिचाही वेग दर वेळी खाली येतो आणि २०० मिलिसेकंदांच्या फेऱ्यांनी हळूहळू वर चढतो. अशा वेळी मुंबईच्या मशीनवर बीबीआर ही तिसरी पद्धत लावून पाहा, कर्नल ४.९ पासून ते आहे, आणि ते फक्त पाठवणाऱ्या बाजूला लागतं. किंवा बॅकअपचे चार तुकडे करून चार कनेक्शनांवर पाठवा. आधी मात्र ती ओळ काढा आणि पहिल्या रात्रीचं एसएसचं आउटपुट दोन्ही मशीनवरचं जपून ठेवा, काम सुरू झाल्यापासून पाच मिनिटांनी घेतलेलं.